अठरा साड्यांची लेखिका

वसंतराव खैरनारांना लग्नाला बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. माणूस तसा भला. वेळेवर येणार, पंगतीत शेवटपर्यंत वाढणार, पण नवरीचा शालू समोर आला की तोंड काही गप्प बसणार नाही. "तिसऱ्या बुट्टीपाशी धागा तुटलाय," म्हणणार, आणि तेही नवरीच्या आईला.

यात त्यांचा दोष किती आणि नोकरीचा किती, ते देव जाणे. चौतीस वर्षं ते सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात, चेकिंगच्या टेबलाशी उभे होते. डोक्यावर ट्यूबलाइट, हातात खडू आणि समोरून सरकणारं कापड. डाग दिसला, छपाई हलली, की खूण करायची. चांगलं कापड त्यांनी जन्मभर बघितलंच नाही म्हणा ना. चांगलं असेल ते पुढे निघून जायचं, नजर थांबायची ती खोडीवर.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? उधन्याच्या मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळील. दर रविवारी नऊ ते बारा वसंतराव तिथे बसत, पुस्तकं देत, घेत, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावत. इथवर ठीक होतं. पण साठीनंतर माणसाला काय सुचेल याचा नेम नाही. वसंतरावांनी गुपचूप एक रहस्यकथा लिहिली, मंडळाच्या खर्चानं तिच्या शंभर प्रती निघाल्या, आणि मुखपृष्ठावर नाव छापलं 'सौ. वल्लरी'. नुसती वल्लरीही नाही, सौ. वल्लरी! मंडळाच्या चिटणिसांना तेवढं खरं ठाऊक होतं, आणि त्यांना वसंतरावांनी शपथ घातली होती.

पुस्तकाचं नाव 'नथ गेली नवसारीला'. नायिका लावण्या, नटण्याचं भारी वेड. आरशात तीनदा बघितल्याशिवाय चोराच्या मागेसुद्धा धावायची नाही. अठ्ठ्याऐंशी पानांत ती अठरा साड्या बदलते आणि दोन साड्यांच्या रंगातल्या कणभर फरकावरून नथचोर पकडते. वसंतरावांनी तिला जीव लावून नटवलं होतं. "जांभळ्या जॉर्जेटमध्ये ती अशी आली की मांडवातले दिवे ओशाळले," असली वाक्यं त्यांच्या हातून कशी उतरली, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटे.

आता लेखक म्हटला की त्याला वाचकाचं मत हवं असतं, आणि वसंतराव तर वाचकांच्या वाटेवरच बसलेले. पुस्तक परत करणाऱ्यापुढे ते अभिप्रायाची वही सरकवत आणि छताकडे बघत, जणू आपला काही संबंध नाही.

पहिल्या आल्या मालतीबाई, मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. "कथा बरी आहे," त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "पण ही बाई सकाळी अकराला साडी विकत घेते आणि साडेबाराला तीच नेसून लग्नात उभी? फॉल कधी लावला? पिको कधी केला? आणि ब्लाउज काय आभाळातून पडला?"

वसंतरावांच्या कपाळाला घाम फुटला. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून लाखो मीटर कापड गेलं, पण पुढे साडीला फॉल लागतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "लेखिकेचा काही विचार असेल हो त्यामागे," ते पुटपुटले.

"विचार असता तर ब्लाउज शिवला असता," मालतीबाई म्हणाल्या आणि तसंच वहीत लिहून गेल्या.

मग कॉलेजातली जागृती आली, निम्मं गुजराती बोलणारी. "काका, लावण्या एकदम मस्त! पण मर्डर नाय? एक तरी लाश पाहिजे ने!" नथीसाठी कोण कोणाचा जीव घेणार, असं वसंतरावांच्या ओठांवर आलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सुवर्णा आली, बँकेतली. तिनं चोराबिराचं सगळं सोडून फक्त साड्यांचे परिच्छेद वाचले होते आणि बाराव्या पानावरची साडी कुठे मिळेल, एवढंच तिला हवं होतं.

सगळ्यांत वाईट दिवस उगवला तो अनुसयाचा. अनुसयाचं लिंबायतला फॉल-पिकोचं दुकान. मशीनवर बसल्या बसल्या तिनं पुस्तक वाचलं होतं, पेन्सिलीनं खुणा करून.

"भाऊ, हे लिहिणारी बाई नाहीच. बाप्या आहे," तिनं निकाल दिला.

"कशावरून?" वसंतरावांचा आवाज चिरकला.

"आता बघा, 'साठ ग्रामचं जॉर्जेट' लिहिलंय. बाई कधी साडीचं वजन सांगते का? बाई म्हणेल, अंगाला चिकटत नाही. हा मिलमधला माणूस आहे, माझ्याकडून लिहून घ्या." मग तिनं वसंतरावांकडे एकदा नीट बघितलं, तोंडाला पदर लावला आणि हसू दाबत निघून गेली. वहीत तिनं काही लिहिलं नाही, हे तिचे उपकार.

पण खरं सांगायचं तर या कुणाच्याही मतावर वसंतरावांचा जीव अडकला नव्हता. त्यांना मत हवं होतं ते एकाच वाचकाचं, आणि ती वाचक त्यांच्याच घरात होती. नीलाताई, त्यांची बायको. पुस्तकाची एक प्रत त्यांनी सहज ठेवल्यासारखी फ्रीजवर ठेवली होती. रोज सकाळी ते बघत, पुस्तक हललंय का, खुणेचा कागद पुढे सरकलाय का. चोर पकडायला लावण्यानंही एवढी पाळत ठेवली नव्हती. सरळ विचारायचं तर गुपित फुटणार. आणि ती हसली तर? बाहेरच्यांचं हसणं सोसता येतं, घरातलं नाही.

पुस्तक हलत होतं. कागद पुढे सरकत होता. चाळिसावं पान, साठावं, मग एके दिवशी पुस्तक फ्रीजवरून गेलंच. नीलाताई मात्र भाजीचं बोलत, पाण्याच्या टाकीचं बोलत, पुस्तकाचं अवाक्षर काढत नव्हत्या. वसंतरावांना जेवण जाईनासं झालं.

पुढच्या रविवारी वाचनालय उघडून त्यांनी सवयीनं वही उघडली. गुरुवारी याच खोलीत बायकांचं भजन असतं, तेव्हा कुणीतरी नवीन लिहून गेलं होतं. अक्षर ओळखीचं होतं. याच अक्षरात नोकरीची शेवटची एकतीस वर्षं त्यांच्या डब्यावर नाव लिहिलेलं असायचं.

'पुस्तक आवडलं. दोनदा वाचलं. लावण्याच्या अठरा साड्यांचं वर्णन फार सुंदर आहे, एकीलाही खोड नाही. लेखिकेला एकच विचारायचं आहे. तुमच्या घरी कोणी साडी नेसत नाही का? नीला खैरनार, सभासद क्रमांक ४७.'

तर नीलाताईंना सगळं ठाऊक होतं. असणारच. वसंतरावांनी हस्तलिखित गादीखाली लपवलं होतं, आणि गादी रोज कोण झटकतं, हे या रहस्यकथाकाराच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी ते तीनदा वाचलं. उत्तर लिहावं म्हणून पेन उघडलं. नेसते, असं लिहिणार, आणि कोणती ते सांगणार. काल नीलानं कोणती साडी नेसली होती? आठवेना. परवा? आठवेना. भाचीच्या लग्नात? तिथली एक साडी आठवली, पण तीही निऱ्यांजवळ छपाई फाकली होती म्हणून, आणि तसं त्यांनी तिला रिक्षातच सांगितलं होतं. त्यावर ती पदर निऱ्यांवर ओढून बाहेर बघत राहिली होती. वसंतरावांना स्वतःची फार लाज वाटली.

मालतीबाई पुस्तक घेऊन दारात उभ्या होत्या. "जरा बसा, आलोच," म्हणून चावी त्यांच्या हातात कोंबून वसंतराव निघाले. वाचनालय वाऱ्यावर सोडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

डिंडोलीत घराचे तीन जिने चढून त्यांनी बेल दाबली. नीलाताईंनी दार उघडलं. साडी कुठली, रविवार होता, त्या घरातल्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये होत्या, हाताला पीठ. वसंतराव दारातच उभे राहिले आणि बघू लागले. केसांपासून पायापर्यंत, सावकाश. घरात हे दोघं अहिराणीच बोलत.

"काय देखी ऱ्हायनात इतलं?" नीलाताई घाबरल्या. त्यांनी झटकन खाली बघितलं. "डाग शे का कोठे?"

"नही वं," वसंतराव म्हणाले. "असंच देखी ऱ्हायनू."

नीलाताईंचा विश्वास बसला नाही. गाऊनचं टोक उजेडात धरून त्या बराच वेळ डाग शोधत राहिल्या.