आत्याचे पैसे आणि औषधांचं कार्ड

शर्टांच्या कारखान्यात तिने एकवीस वर्षं नुसत्या कॉलरी लावल्या, म्हणून सगळे तिला कॉलरताई म्हणत. मग बोटांचे सांधे सुजायला लागले, सुई धरवेना, आणि कारखान्याने तिला घरी बसवलं. तेव्हापासून ती सरकारी मदतीवर राहत होती. मदत बेताचीच, पण तिच्याबरोबर औषधांचं कार्ड होतं. दर महिन्याचं इंजेक्शन त्या कार्डावर फुकट मिळे. विकत घ्यायचं तर त्याच्यापुढे घरभाडंही स्वस्त वाटावं.

अट एकच होती: शिल्लक ठरावीक रकमेच्या वर जाता कामा नये. कॉलरताईला ही अट म्हणजे टकल्याला कंगवा न वापरण्याची ताकीद.

मग आत्या गेली. तिला मूलबाळ नव्हतं. दर रविवारी जाऊन पेपर वाचून दाखवणाऱ्या या भाचीच्या नावे तिने आपली सगळी पुंजी करून ठेवली होती. वकिलाचं पत्र वाचून कॉलरताईला आधी रडू आलं, मग तिने हिशेब मांडला. रक्कम मर्यादेच्या चौपट होती, पण जन्माला पुरणारी नव्हती. कार्ड गेलं तर इंजेक्शनंच ती रक्कम गिळून टाकणार.

दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, लगेच तोडगा काढला. पैसे त्याच्या खात्यात ठेवायचे आणि लागतील तसे न्यायचे, कुणाला पत्ताही लागणार नाही. दादा वाईट नव्हता, पण पैसा त्याच्या हातात टिकत नसे. शिवाय खोटं बोललं की हिच्या मानेवर लाल चट्टे उठत, अगदी शाळेपासून. शेवटी तिने वकिलाला ‘मला वारसा नको’ असं पत्र लिहिलं. पण टपालात टाकण्याआधी, एकदा विचारून तरी बघू म्हणून, ती मदत कार्यालयात गेली.

खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही पत्रं वाचली आणि दादाचा तोडगाही ऐकून घेतला. नाकारले किंवा भावाला दिले तरी ते पैसे तुमचेच धरले जातात, असं त्यांनी सांगितलं. शिल्लक मर्यादेच्या खाली येईपर्यंत मदत थांबणार होती. नंतर एका अर्जावर ती परत सुरू होणार होती.

“आणि कार्ड?” कॉलरताईने कसंबसं विचारलं.

“कार्ड आजारावर असतं, ताई. पैशावर नाही. ते चालूच राहील.”

कॉलरताईने हेच पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग कागदावर लिहूनही घेतलं.

बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली. वकिलाला लिहिलेलं नकाराचं पत्र फाडलं आणि तिथूनच दादाला फोन लावला.

“माझ्याच खात्यात ठेवतेय,” ती म्हणाली. “आणि कार्यालयात कळवलंयसुद्धा.”

 दादा म्हणाला, बरं केलंस, मलाही धाकधूकच होती.

पुढच्या महिन्यापासून मदत थांबली. मदतीसाठी दर तीन महिन्यांनी खर्चाच्या बिलांचा गठ्ठा कार्यालयात नेऊन दाखवणंही थांबलं. मदत सुरू झाल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच तिने कुणाला हिशेब न देता काही घेतलं: स्वयंपाकघरात कोपराने उघडणारा नळ. दादा बघायला आला आणि उगाचच दहा वेळा तो उघडून बंद करत बसला. कॉलरताई खुर्चीत बसून हसत होती.