घट्ट केलेले हँडल

मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये मी धान पारखतो. आमचे गाव जंगलापलीकडे, पोंभुर्ण्याच्या रस्त्याला आहे. सोयीची बस नाही. मोटारसायकल आहे म्हणून काम आहे. संध्याकाळी त्या रस्त्याने एकट्याने जायचे नाही, असा आमच्याकडचा नेम आहे. वनखात्याच्या नाक्यावर थांबायचे, तीन-चार गाड्या जमल्या की निघायचे, आणि मागून कोणी येताना दिसला तर त्याला सोडून जायचे नाही. वाघाचे आता कोणाला नवल उरलेले नाही; नेम मात्र मोडत नाही. सर्वांत पुढे जाणत्याने चालवायचे. बरीच वर्षे ती जागा माझी होती.

ट्रकांनी रस्ता उखडला, तेव्हापासून वेग घेतला की हँडल थरथरू लागले. हँडलखालचे बेअरिंग, म्हणजे कोनसेट, बदलला, चाके सरळ करून घेतली. थरथर गेली नाही. अशा वेळी हँडलला आवर घालणारा डॅम्पर बसवतात, असे कळले. माझ्या गाडीसाठी कंपनीचा मिळत नव्हता. मोबाइलवरून एक स्वस्तातला मागवला. तेल भरलेली वीतभर नळी, तिच्यात सरकणारा दांडा, आणि टोकाला घट्ट-सैल करण्याची खुंटी.

बसवायला मित्राकडे दिला. त्याचे गॅरेज मूलमध्ये, घर आमच्या शेजारच्या गावात. नाक्यावरून आम्ही नेहमी बरोबर परतत असू. त्याच्या वडिलांच्या जनाज्याला मी खांदा दिला होता. त्याने नळी चेसिसला आवळली, दांडा पुढच्या शॉकअपच्या पाइपला जोडला आणि बजावले, "भाऊ, या खुंटीले हात लावू नका. तेल गळते."

मी लावला नाही. ज्याचे काम त्याने करावे, या शिस्तीत मी वाढलो.

थरथर गेली. पण हँडल जड झाले. गाडी हळू चालवताना आपल्या मनाने वाकडी जाई. खड्डा चुकवायला खांद्याचे बळ लागे. मी तक्रार केली. तो पाना पुसत म्हणाला, "माल ठीक आहे, भाऊ. हात थकते ना माणसाचे. मले बी आता पाना जड लागून राह्यला."

नाक्यावरचा एक दूधवाला एकदा म्हणाला, "भाऊ, तुमच्या मागं राह्यलो तं दुधाचं दही होईन."

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून मी मागे चालवू लागलो. पुढे मिलमध्येही मी एकच नमुना दोनदा पाहू लागलो. दाणा दाताखाली फोडून ओल सांगणारा माणूस मी. पण हात खोटे बोलू लागले तर दातांचा काय भरवसा? मुलगा रोज म्हणे, "बाबा, झालं आता. गाडी विकून टाका, घरी बसा." शेवटी मी हो म्हटले.

गिऱ्हाईक गडचांदूरचे होते. मी चावी द्यायला गॅरेजमध्ये उभा होतो. मित्र हँडलपाशी वाकला. टकटक असे बारीक आवाज आले. तो खुंटी फिरवत होता. गिऱ्हाइकाने रस्त्यावर एक फेरी मारली, वळताना एक हात खिशात घालून.

"एकदा मला द्या," मी म्हणालो.

हँडल बोटांनी वळत होते. मी परत आलो, उतरलो आणि मित्राला विचारले, "हे माझ्यासाठी का सैल केले नाही?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या पोरानं हात जोडले होते, भाऊ. म्हणे, बाबा कोणाचं ऐकत नाईत. एखाद्या दिवशी रस्त्यावर पडतीन. मले बी तसंच वाटलं."

"मग मला सांगायचे होते."

"सांगून तुम्ही ऐकलं असतं?"

ऐकले नसते. पण नाही म्हणण्याचा हक्क माझा होता. त्या दोघांनी मला न विचारता मलाच माझ्या हातांविरुद्ध साक्षीला उभे केले.

गाडी विकायची नाही, असे मी सांगितले. गिऱ्हाईक म्हणाले, "बाबाजी, गाडी विकाले काढली होती का दाखवाले?" मी चावी खिशात टाकली.

मुलाला मी काही विचारले नाही. चावी पूर्वी दाराजवळच्या खिळ्याला असे. आता ती माझ्या उशाखाली असते. त्याने ते पाहिले आहे.

खुंटी मी स्वतः फिरवून पाहिली. तेल गळत नाही. चार खटके सैल ठेवले की थरथरही नाही आणि जडपणाही नाही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी नाक्यावर आम्ही चौघे जमलो. मी पुढे होतो. दूधवाला म्हणाला, "निघा आता, भाऊ." मी मागे पाहिले. दूर मूलकडून एक दिवा येत होता. एका बाजूला झुकलेला तो दिवा मी ओळखतो. मित्राने दुसऱ्यांच्या गाड्यांचे दिवे सरळ केले, स्वतःचा कधी केला नाही.

"थांबा," मी म्हणालो. "एक येतो आहे."

तो आला, इंजिन बंद न करता सर्वांच्या मागे उभा राहिला. "भाऊ," त्याने हाक मारली.

मी किक मारली आणि पुढे निघालो. जंगल संपेपर्यंत त्याचा दिवा माझ्या आरशात होता. त्याच्या गावच्या फाट्यावर पूर्वी मी थांबत असे. आता थांबत नाही.