आधी बोटांनी, मग पान्यानं

नानाकाका गेले, तेव्हा मुरबाडला मला अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे माझे वडील, नानाकाकांचे थोरले भाऊ. "नाना गेला गो..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "आणि ती बगळी फाटकातच उभी हाय. चाक काढून ठेवलंय त्यानं. लोकं आत येणार कशी?" दुपारी जेवून काका पडवीत आडवे झाले ते उठलेच नाहीत, हे मला त्यानंतर कळलं. सापगावला पोहोचले तर खरंच, अख्खा गाव पोट आत ओढून गाडीच्या कडेनं अंगणात शिरत होता. आमच्या आत्याचा पदर आरशात अडकला. तिनं आधी गाडीला शिव्या घातल्या आणि मग हंबरडा फोडला. काका असते तर आरसा धड आहे का ते पाहायला धावले असते.

बगळी ही त्यांची पांढरी गाडी, माझ्याहून वयानं मोठी. काकांनी भातगिरणी चालवली आणि लग्न केलं नाही. अप्पा म्हणायचे, "केलंय की, ही काय फाटकात उभी." अप्पा तिला भंगार म्हणत आणि जन्मात कधी तिच्यात बसले नाहीत. काकांना त्याचं काही वाटत नसे.

माझ्या लग्नाचं बघत होते, त्याच सुमारास बगळीच्या ब्रेकच्या नळ्या गंजल्या. नळी जोडायला बोटाच्या पेराएवढा एक पोकळ नट लागतो. जुन्या गाडीच्या नटाचे आटे इंचाच्या मापाचे, आता दुकानात मिळतात ते मिलिमीटरचे. दिसायला सख्खे भाऊ, पण चुकीचा नट दोन फेरे आत जातो आणि अडतो. शहापूरचा मेकॅनिक म्हणाला, "पान्यानं दाबू, बसतो का नाय बघा. वरून टेप मारू." काका म्हणाले, "ही काय नळाची तोटी हाय? उतारावर ब्रेक नाय लागला तर तुझी टेप आडवी येणार का?" त्यांचा कायदा एकच. आधी बोटांनी. बोटांनी शेवटपर्यंत फिरला तर नट आपला, मग पाना.

इकडे अप्पांनी वाशिंदचं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. फ्लॅट, कंपनीत नोकरी. मुलगा बघायला आला आणि सगळा वेळ मोबाइलशी बोलला. मला त्या घरात जायचं नव्हतं, आणि अप्पांसमोर तोंड उघडायची हिंमतही नव्हती. माझा चेहरा बघून अप्पा म्हणाले, "बसेल हळूहळू. लग्नानंतर सगळं बसतं." काका रॉकेलमध्ये जुना नट धूत होते. मान वर न करता म्हणाले, "अप्पा, तो मेकॅनिक पण असंच बोलला." त्यानंतर कित्येक दिवस अप्पा त्यांच्याशी बोलत नव्हते.

जुना नट नमुन्याला खिशात टाकून काका मुरबाडला गेले. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात महेश नावाच्या मुलानं एकेक नट बोटांनी फिरवून पाहिला आणि बाजूला सारला. "काका, यातला एकबी तुमचा नाय. नेऊ नका, गाडीत माणसं बसतात." संध्याकाळी काका दारातूनच म्हणाले, "नट नाय मिळाला. पोरगा मिळाला." मी भडकले. "मी काय ब्रेकची नळी आहे?" ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर सांगतो, आधी बोल त्याच्याशी. बोटांनी फिरला तर पुढं. नाय फिरला तर तुला पाना कुणी लावणार नाय. अप्पाला मी बघतो." त्या घरात मला असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. आजही ते आठवलं की मला रडू येतं.

आम्ही रसवंतीत भेटलो. काका शेजारच्या बाकावर पाठ करून बसले होते, पण त्यांची पाठसुद्धा ऐकत होती. महेशनं बिचाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "गाडी कशी हाय?" मला हसू फुटलं, मग त्यालाही. अप्पांना काकांनी कसं वळवलं, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. साखरपुड्याला महेशनं कुठल्याशा भंगारातल्या गाडीचे नट शोधून, लाल कापडात बांधून, नारळासह काकांच्या हातात ठेवले. आशीर्वाद द्यायचं विसरून काका तडक फाटकाकडे गेले आणि पंगत खोळंबली.

यंदा मागच्या चाकाची नळी गंजली होती. तेच काम अर्धवट राहिलं...

परवा माहेरी गेले होते, तेव्हा भंगारवाला आला. मला वाटलं, अप्पा आता सुटतील एकदाचे. ते पायरीवरूनच म्हणाले, "विकायची नाय. ब्रेकचं काम चालू हाय." तो अंग चोरून परत बाहेर पडला. मी म्हटलं, "अप्पा, आता चालवणार कोण?" सदऱ्याच्या खिशातून त्यांनी काकांचा तो नमुन्याचा नट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"महेशला दे. असाच आण म्हणावं. आणि त्याला सांग, आधी बोटांनी फिरवून बघ."