अर्धी राहिलेली दाढी

त्या बाजारात त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि ते अगदी बरोबर होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं की याचा आवाज सुरू, आणि कापड झटकलं तरी बंद नाही. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या गोदामात उंदीर झाले, कोणता साहेब कुणाच्या खिशात आहे, सगळं त्याच्या सलूनमध्ये कळायचं, तेही मीठमसाला लावून. हात मात्र लाखात एक. त्याचा वस्तरा गालावरून फिरायला लागला की तापट माणूससुद्धा डोळे मिटून घ्यायचा.

दाढी करायची त्याची एक ठरलेली रीत होती, बापाने लावलेली. आधी उजवा गाल. मग थांबायचं, वस्तरा पुसायचा. मग हनुवटी आणि डावा गाल. मधल्या त्या थांब्यात तो गोष्टीतला सगळ्यात रंगतदार भाग सांगायचा. अर्ध्या फेसात अडकलेलं गिऱ्हाईक उठून जाणार तरी कुठे? बायको म्हणायची, अहो, एखाद्या दिवशी या बडबडीने कुणाचा तरी गळा कापाल. तो हसायचा. आपल्या हाताला तोंडाची सवय आहे, म्हणायचा.

दंगल झाली त्या दिवशी खुर्चीत एक ट्रक ड्रायव्हर बसला होता. परगावचा, पहिल्यांदाच आलेला, बसल्या बसल्या रेडिओला मामा म्हणायला लागलेला. माल उतरवून घरी निघाला होता आणि रस्त्यात वाढलेली खुंटं काढून टाकायची होती, कारण दाढी टोचते म्हणून त्याची धाकटी पोरगी जवळ यायची नाही. रेडिओने उजवा गाल संपवला, वस्तरा पुसला आणि गोष्ट सुरू केली, तेवढ्यात बाजाराच्या तोंडाशी काचा फुटल्या.

दंगल कशावरून झाली ते विचारू नका. सुरुवात करणाऱ्यांना माहीत असेल, नंतर आलेल्यांना फक्त दुकानं दिसत होती. सळया घेतलेली माणसं एकेक शटर उचकटत आली. औषधवाला दारात आडवा उभा राहिला, तर त्याच्या डोक्यात सळई घातली आणि त्याच्या अंगावर पाय देऊन माणसं आत गेली. घड्याळवाल्याच्या दुकानाला आग लागली. रेडिओची पाचावर धारण बसली. त्याने खुंटीवरची हत्यारांची बॅग ओढली, बापाची, कातडी, वस्तरा तिच्यात टाकला आणि ती ड्रायव्हरच्या हातात कोंबली. हे धरा आणि मागच्या दाराने पळा, शटर ओढून मी आलोच, म्हणाला. ड्रायव्हर पळाला. गळ्यात कापड, एका गालावर फेस, छातीशी बॅग. रेडिओचं शटर निम्म्यावर आलं असेल-नसेल, खांद्यावर दणका बसला आणि तो कोसळला. सरपटत मागच्या गटारात जाऊन पडला आणि तिथूनच स्वतःचं दुकान जळताना त्याने पाहिलं. खुर्चीचं रबर जळल्याचा वास पुढे कित्येक दिवस त्याच्या नाकातून गेला नाही.

ड्रायव्हर पुन्हा दिसला नाही. मेला असणार, रेडिओने ठरवून टाकलं. आणि खरं सांगायचं तर तो त्याच्यासाठी रडलाही. मग कापडवाल्याच्या जळक्या ओट्यावर स्टूल टाकून, उसनी कात्री घेऊन त्याने धंदा सुरू केला, आणि गोष्टही. पहिल्या दिवशी गोष्टीत ड्रायव्हर गर्दीत हरवला होता. दोन-चार डोकी कापून झाल्यावर त्याच्या पाठीत सुरा बसला. आठवडा संपेपर्यंत तो रेडिओची बॅग वाचवता वाचवता, मामा, मामा, अशी हाक मारत मेला होता. ऐकणारे डोळे पुसायचे. कापडवाला तर प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा संतापायचा. त्याचे तागेच्या तागे लुटून नेले होते, उरलं होतं काय तर कापड मोजायचा लोखंडी गज, आणि तो हातात घेऊनच तो दिवसभर बाजारात फिरायचा.

मग पोलिसांनी बोलावलं. ठाण्याच्या पटांगणात जप्तीच्या मालाचा ढीग होता. पंखे, चपला, दुधाच्या पावडरचे डबे. त्यातच त्याची बॅग आणि कापड. बॅगेच्या मुठीला बायकोने हिरव्या दोऱ्याने घातलेले टाके बघून त्याला हुंदकाच फुटला. ही तुझी का, साहेबांनी विचारलं. माझीच, साहेब, बापाची आहे.

"ज्याच्याकडे सापडली तो म्हणतो, मला न्हाव्यानेच दिली," साहेब हसत म्हणाले. "इथे सगळ्यांना सगळं कुणीतरी दिलेलंच असतं."

रेडिओही हसला. खोटारडा, म्हणाला, ज्याला दिली तो बिचारा मेला, त्याला मारूनच याने घेतली असणार. तसा जबाब झाला, त्याने सही ठोकली. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली.

"माणूस बघितलात का?"

"त्यात बघायचं काय? बॅग आपली आहे ना?"

ती पुन्हा भाजी चिरायला लागली, आणि तो लगेच दुसरं बोलायला लागला.

निकाल झटपट लागला. खास हुकूम निघाला होता: लुटारूंची भर चौकात डोकी-दाढ्या भादरायच्या, उघड्या पाठीवर वेताचे फटके द्यायचे आणि मग तुरुंगात टाकायचं. बाजाराला केवढा आनंद झाला म्हणून सांगावं. ज्या बायका रक्त बघितलं की तोंड फिरवायच्या, त्यांनी पुढची जागा धरायला सकाळीच सतरंज्या पाठवल्या. शिकलेसवरलेले लोक म्हणाले, कायदा कधी नव्हे तो शुद्धीवर आला. फटके कमी आहेत, हातच तोडायला हवे होते, असं म्हणणारेही होते. ज्यांचं काडीचं नुकसान झालं नव्हतं त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. एवढ्याशा गावाला एवढा राग कुठून आला, हे कुणीही स्वतःला विचारलं नाही.

भादरायला कोण? रेडिओच. त्याच्याच वस्तऱ्याने. बाजाराने जवळजवळ वरातच काढून त्याला चौथऱ्यावर चढवलं. बॅग परत मिळाली होती, कापडही. साहेबांनी लावलेली दोरी, दोरीपलीकडे माणूसच माणूस, छपरांवरसुद्धा. बिनपाण्याने, बिनपाण्याने, लोक ओरडत होते. आयुष्यभर त्याने हे शब्द गमतीत वापरले होते, साहेबाने अमक्याची बिनपाण्याने केली वगैरे. आता खरंच करायची होती. पहिल्याच्या कोरड्या डोक्यावर त्याने वस्तरा ओढला तशी कातडी सोलून आली आणि रक्त कानावर ओघळलं. गर्दीने टाळ्या वाजवल्या. दुसरा रडायला लागला, तर रेडिओने त्याची मान दाबून धरली आणि काहीतरी विनोद केला. लोक पोट धरून हसले. त्याला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. जळालेल्या खुर्चीचा, दुखऱ्या खांद्याचा, गटारातल्या त्या भीतीचा सगळा वचपा हातातून निघत होता. इकडे भादरलेल्यांना चौथऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खांबाला बांधत होते, आणि वेताचा आवाज ओल्या कपड्यांवर धोपाटणं मारल्यासारखा येत होता.

बॅगवाल्याला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, खुनाचा खटला त्याच्यावर नंतर चालायचा होता. त्याला आणलं तेव्हा दगड आले, चपला आल्या. कापडवाला दोरीला पोट लावून गज हलवत ओरडत होता, खुनी, खुनी. त्या माणसाचा चेहरा ओळखण्यासारखा राहिलाच नव्हता. कोठडीत सगळ्यांनी आपापला हात साफ करून घेतला होता. डोळे सुजून मिटलेले, ओठ फाटलेले, गालांवर काजळी आणि वाळलेलं रक्त. रेडिओने तेच कापड त्याच्या गळ्यात आवळून बांधलं आणि मागे उभं राहून डोकं कोरडंच भादरलं. त्याची मान लोंबायला लागली तेव्हा साहेब खेकसले, दाढीला पाणी लाव, फटक्यांच्या आधीच मरायचा हा.

म्हणून रेडिओने ब्रश भिजवला. फेस केला. उजवा गाल घेतला, तिथली वाढ आखूडच होती. तो थांबला, वस्तरा पुसला. मग डाव्या हाताच्या बोटांनी डावा गाल ताणला आणि बोटांना कळलं. डोळ्यांना कळलं नसतं, पण बोटांना कळलं. इकडची दाढी तिकडच्यापेक्षा जुनी होती, दाट होती, बोटांखाली आडवी पडत होती. हनुवटीच्या उजव्या कडेशी ती अशी सरळ बदलत होती की तिथे वस्तरा थांबला होता हे आंधळ्यालाही समजावं. आणि तिथेच थांबणारा वस्तरा त्या अख्ख्या मुलखात एकच होता.

हे त्याला कळलं, आणि हात मात्र चालूच राहिला. उजव्यानंतर डावा, तीस वर्षांची सवय. कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत, जबड्यापासून हनुवटीपर्यंत, स्वच्छ, एक केस न ठेवता. हाताने घात केला असं तो सांगतो. बायको एकदाच म्हणाली होती की हात भ्याला होता. दोन्ही खरं असेल.

शेवटची ओढ संपली तेव्हा त्या माणसाने एक डोळा जेमतेम उघडला.

"मामा," तो म्हणाला, "एवढीच राहिली होती."

रेडिओच्या हातून वस्तरा पडला. तो साहेबांकडे धावला. साहेब, हा माझं गिऱ्हाईक आहे, ड्रायव्हर आहे, बॅग मीच दिली होती याला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. ड्रायव्हर मेला असं तूच सही करून दिलंयस ना? मग हा कोण? रेडिओ म्हणाला, याची दाढी बघा, एक बाजू मी केलेली, एक राहिलेली. साहेबांनी बघितलं. दोन्ही गाल गुळगुळीत. रेडिओने खाली वाकून केस चिवडले, तर चौथऱ्यावर सगळ्यांचेच केस, रक्तात आणि फेसात कालवलेले.

मग तो गर्दीकडे वळला. मी बघितलं नव्हतं, तो म्हणाला, मी नुसतं सांगत होतो.

"घाबरू नकोस, रेडिओ," कापडवाला दोरीवरून ओरडला. "आम्हाला सगळं पाठ आहे. पाठीत सुरा घातला यानेच, आणि तो बिचारा मामा, मामा करत मेला."

मागून शंभर तोंडांनी तेच म्हटलं. पाठीत सुरा. मामा, मामा. त्याचेच शब्द, त्याच्याच लकबीत. न्हाव्याला दमदाटी केली, कुणीतरी म्हणालं. पैसे चारले, दुसरं म्हणालं. सोडणार आहेत खुन्याला, तिसऱ्याने ठोकून दिलं, आणि दोरी तुटली.

पोलीस बाजूला झाले, नाही म्हणायला शिट्ट्या फुंकल्या त्यांनी. सतरंजीवरच्या बायकासुद्धा उठल्या होत्या. रेडिओ ड्रायव्हरच्या अंगावर आडवा पडला, दोन्ही हातांनी त्याचं भादरलेलं डोकं झाकलं. लाथा त्याच्या बरगड्यांत बसल्या. त्याने तोंड वर केलं, ओरडायलाच वर केलं, आणि कापडवाल्याचा गज त्याच्या जबड्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. मग त्याला पायांनी ओढून बाजूला फेकलं. तिथून त्याला फक्त गज वर जाताना आणि खाली येताना दिसत होता. कापड त्या माणसाच्या गळ्यातच होतं.

जबडा तारेने बांधलेला होता तोवर तो कागदावर लिहून लोकांना दाखवायचा. लोक वाचायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. कापडवाला तर येऊन रडला. गज तुला लागायला नको होता रे, म्हणाला. नव्या गाळ्यांच्या रांगेतला पहिला गाळा बाजाराने रेडिओला दिला, नवी खुर्चीही दिली. ड्रायव्हरचा भाऊ मढं न्यायला आला तेव्हा चोराचा भाऊ म्हणून त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. रेडिओची बायको एकटी तांब्या घेऊन गेली. त्याने तो घेतला नाही.

जबडा बरा झाला, जरा वाकडा राहिला. आता रेडिओ दुसरी गोष्टच सांगत नाही. येईल त्या गिऱ्हाइकाचा उजवा गाल करतो, वस्तरा पुसतो आणि ही सांगतो. बॅग मी दिली होती, खून झालाच नव्हता, मी बोललो म्हणून तो मेला. अजिबात मीठमसाला न लावता सांगतो. गिऱ्हाईक ऐकून घेतं. बाहेर पडल्यावर म्हणतं, काय मन आहे बघा या माणसाचं, खुन्यासाठीसुद्धा झुरतोय.

परवा एक नवीन मास्तर आले होते. अर्धा चेहरा फेसात, डोळे मिटलेले. रेडिओने शेवटपर्यंत सांगितलं आणि तसाच उभा राहिला, वस्तरा हातात. मास्तरांनी डोळे उघडले, आरशात बघितलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "उरलेली करा आता, मला उशीर होतोय."

त्याने डावा गाल ताणला.