तळाचं ओलं ठिगळ

कोंडीबाला पाण्याची भीती होती, आणि ती त्यानं कधी लपवली नाही. त्याचं मूळ गाव कवठे महांकाळच्या बाजूचं. तिकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाला चमकणारा ताटलीएवढा तुकडा. लहानपणी बापाबरोबर मेंढरं घेऊन तो म्हैसाळजवळ कृष्णा नदी उतरला होता. बापाच्या खांद्यावर बसलेला, आणि पाणी बापाच्या दाढीपर्यंत आलेलं. दोन कोकरं त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पुढं कळप विकला गेला, कोंडीबा कुपवाडच्या एका कारखान्यात लागला, टाक्या आणि दरवाजे करता करता फायबरचा पक्का कारागीर झाला. पण नदीत पाऊल म्हणून त्यानं पुन्हा टाकलं नाही. आणि नशीब असं की बायकोचं, मंगलचं, माहेर नांदवडीला, ऐन कृष्णाकाठावर. घर तिथंच बांधलं. मंगल हसायची, "नदीला भितायसा आन् ऱ्हातायसा नदीच्या दारात."

एकोणीसच्या महापुरात गावाची खालची आळी बुडाली, तेव्हा सुभेदार हंबीररावांनी आपल्या म्हाताऱ्या आईला, लीलाआक्कांना, छातीएवढ्या पाण्यातून खांद्यावर नेलं. रिटायर झालेला फौजी माणूस, उसाचा शेतकरी, कशाला सहसा न डगमगणारा. पण त्या दिवसानंतर त्यांनी एकच धरलं, गावाला स्वतःची होडी पाहिजे. साताऱ्याकडं तापोळ्याला कोयना धरणाच्या काठावर मासेमारीची एक फायबरची होडी तीनचार वर्षं उलटी पडून असल्याचं त्यांना कळलं. ती त्यांनी ट्रॅक्टरवर घालून आणली आणि सरळ कोंडीबाच्या दारात उतरवली.

"कारखाना बंद हाय न्हवं लॉकडाऊनमधी? मग घ्या मनावर. तुमच्या हातची टाकी कुणाची गळल्याली ऐकली न्हाई."

कोंडीबानं होडीभोवती एक फेरी मारली. चौदा फूट लांब, रंग उडून पांढरीफटक झालेली, कडेला शेवाळाचे वाळके पापुद्रे. त्यानं खिशातलं नाणं काढून तळावर ठोकत नेलं. टण टण वाजणारा आवाज मागच्या बाजूला एका ठिकाणी बदलला. भद. पुन्हा ठोकलं. भद. दगडावर ओढून ओढून तिथली जागा आतून सुटली होती, दीड वितीएवढी.  टाकी गळली तर फरशी भिजते. हिच्यात माणसं बसणार होती.

तरी त्यानं काम घेतलं. मे-जूनभर दारात ग्राइंडरचा आवाज आणि पांढरी धूळ. मंगल ओट्यावरचे कपडे आत ओढायची आणि तोंडाला पदर लावून चहा आणून द्यायची. कोंडीबा सगळं रीतसर करत गेला. कुजलेलं घासून काढलं, काठ बांधला, बसायच्या फळ्या नव्या घातल्या. ती तळाची जागा मात्र त्यानं शेवटाला ठेवली. भ्यायलं की माणूस असंच करतं. घासून उघडी केल्यावर कळलं की आतला थर पाणी पिऊन बसलाय. ते आठदहा दिवस कडक उन्हात वाळायला हवं होतं, आणि तोवर जून संपत आला होता. ऊन कुठलं आता! पत्र्याच्या छपराखाली हॅलोजनचे दोन दिवे लावून तो रोज तळहात टेकवून बघायचा. हाताला गारवा लागायचाच.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पावसानं झोडपायला सुरुवात केली. कोयना धरणातनं पाणी सोडल्याच्या, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी चढल्याच्या बातम्या मोबाईलवर धडाधड यायला लागल्या. हंबीरराव दोन माणसं घेऊन दारात आले.

"कोंडीबा, कवा व्हणार?"

"आवं सुभेदार, अजून थोडी वल हाय तळाला. आठवडाभर..."

"आठवडा कुणाकडं हाय रं? पानी काय थांबतंय व्हय तुझ्यासाठनं?" मग बरोबरच्या माणसांकडं वळून ते म्हणाले, "हेच्या हाताला दगा न्हाई. उद्या हुतंय बगा."

 त्या संध्याकाळी कोंडीबानं फायबरचं रेझिन कालवलं, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे तीन थर बसवले, हवेचे फुगे रोलरनं काढले. सकाळी नखानं दाबून पाहिलं. मधला भाग दगड झाला होता. कडेला मात्र नख रुतलं. चिकट. ओलीवर बसवलेलं रेझिन धरत नाही, हे कारखान्यातल्या नव्या पोरांना तोच शिकवायचा. सगळं खरवडून पुन्हा करायला हवं होतं. त्यानं पुट्टी घेतली, वरून सारखी केली, आणि नारिंगी रंग मारला.

कुणाला बोलला नाही. मंगलला सुद्धा नाही. दोन दिवस तो भरल्या ताटावरनं उठला. "काय हुतंय तुमास्नी?" तिनं विचारलं, तर म्हणाला, "धूळ गेलीया घशात."

तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आळीत पाणी शिरलं. आठ वाजेपर्यंत गुडघ्याला, नऊला कमरेला. शाळा उंचावर होती, पण मध्ये ओढा, आणि ओढ्याला नदीची ओढ लागलेली. हंबीररावांच्या दुमजली घरात पंचवीस-तीस माणसं गोळा झाली. होडी दाराशी आणली. वल्ह्यावर गुंडा नावाचा गडी, गावातला पट्टीचा पोहणारा.

"पयल्या खेपंला बारा बसवा," हंबीरराव म्हणाले.

"चार," कोंडीबा म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. "का रं? तिकडं धरणात दहाबारा माणसं, वर जाळी आन् मासं घालत हुती हिच्यात."

कोंडीबाच्या ओठांवर आलं होतं. पण पंचवीस जणांची तोंडं त्याच्याकडं लागलेली, आणि कालपर्यंत ती सगळी त्याच्या कामावर भरवसा टाकून बसलेली.  "पयली खेप हाय, चारच न्या," एवढंच तो बोलला. आणि मग जे बोलला त्यानं मंगलच्या हातातलं गठुडंच खाली पडलं. "मी बी जातो संगट."

गोधडी पांघरलेल्या लीलाआक्का, एक बाळंतीण तिच्या लेकरासह, एक पायानं अधू म्हातारा, आणि कोंडीबा. तो मागं, थेट त्या जागेवर टाच रोवून बसला. गुंडानं वल्हं मारलं. आळीतलं पाणी संथ होतं, तोवर ठीक. ओढ्याच्या तोंडाशी होडी एकदम आडवी झाली, गुंडानं शिवी हासडली, आणि खालून तळ थरथरला. कोंडीबाच्या दोन्ही मुठी काठावर आवळल्या गेल्या. पाणी तांबडं, त्यात उसाची पाचट, एक चप्पल, कुणाच्या तरी गोठ्याचं दार. त्यानं खाली पाहिलं. टाचेजवळ नारिंगी रंगाला फोड आला होता. बघता बघता फोड फुटला, आणि पाण्याचा एक धागा वर आला. मग बोटभर.

त्यानं डोक्याचा रुमाल काढून कोंबला. रुमाल भिजून बाजूला सरकला. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडला असता तर बाळंतीण उठून उभी राहिली असती, आणि होडी तिथंच कलली असती.

"आक्का," तो हळू म्हणाला, "तुमची गोधडी द्या."

लीलाआक्कांनी आधी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्याच्या पायाकडं. पंचाऐंशीची बाई.  तिनं गोधडी दिली, घडी घालून त्यानं ती तिथं दाबली, वर गुडघा रोवला. तर म्हातारी बूड सरकवत सरकवत जवळ आली आणि आपला पायही त्याच्या गुडघ्याशेजारी गोधडीवर ठेवला.

"दाब," ती पुटपुटली. "लांब न्हाई आता शाळा."

शाळेच्या पायऱ्यांना होडी टेकली तेव्हा तळात घोट्याएवढं पाणी होतं. माणसं उतरली. गुंडा लगेच होडी वळवायला लागला. पलीकडं हंबीररावांच्या गच्चीवरून माणसं हात करत होती. मंगलची हिरवी साडी कोंडीबाला ओळखू आली.

"गुंडा, थांब. हुडी न्ह्यायची न्हाई."

"यडा हाय का काय गड्या? तुझी बायको हाय तिकडं!"

"म्हनून तर म्हनतोय."

त्यानं गोधडी उचलून दाखवली. ठिगळाची एक कड जिभेसारखी लोंबत होती. गुंडाचा चेहरा उतरला. कोंडीबानं हंबीररावांना फोन लावला. पावसाच्या आवाजात त्याला ओरडून सांगावं लागलं, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं. "सुभेदार, तळ सुटलाय. मला ठावं हुतं. वल असताना बसवलं मी, आन् वरनं रंग मारला. कुणाला बसवू नगा. वर गच्चीत ऱ्हावा."

 पलीकडनं हंबीरराव म्हणाले, "आई?"

"आक्का उतरल्या. बऱ्या हायत."

फोन बंद झाला.

दहापासून संध्याकाळच्या पाचापर्यंत कोंडीबा शाळेच्या व्हरांड्यात उभा होता. गुंडा आणि इतर माणसं त्याच्यापासून लांब बसली. पाणी हंबीररावांच्या खालच्या खिडकीला लागलं, खिडकी दिसेनाशी झाली, मग सज्जाला लागलं. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता ती भिंत बसणार, आता. मंगलचा एकदा फोन आला. "खरं हाय का ते, तुमी म्हनला ते?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला. ती रडत होती की पावसाचा आवाज होता, त्याला कळलं नाही. "मला तरी सांगायचं," एवढं म्हणाली आणि बॅटरी संपली. त्यानंतर तो नुसता हिरव्या ठिपक्याकडं बघत राहिला. मध्येच ठिपका दिसेना झाला की त्याचे पाय पायऱ्यांकडं वळायचे. पाणी पोटरीला लागलं की तो परत फिरायचा.

पाचच्या सुमाराला बचाव पथकाच्या दोन बोटी आल्या. चार खेपांत गच्ची रिकामी झाली. मंगल उतरली, त्याच्याजवळ आली, आणि त्याचा भिजलेला सदरा पिळायला लागली. हंबीरराव मात्र त्याच्या अंगावरून पुढं निघून गेले.

ते पुढं नऊ महिने बोलले नाहीत. गाव बोललं, आणि बरंच बोललं. कोंडीबा ते ऐकून घेत होता. खरं तर त्याला लोकांच्या बोलण्याची तेवढी भीती नव्हती. त्याला स्वप्नात बारा माणसं दिसायची, ओढ्याच्या मधोमध.

फेब्रुवारीत एक दिवस लीलाआक्का काठी टेकत त्याच्या दारात आल्या. होडी तिथंच उलटी पडलेली. "ऊन चांगलं पडलंय," त्या म्हणाल्या. "नीट कर की रं आता."

त्यानं ते ठिगळ ओढलं तर अख्खं हातात आलं. खालचा थर उघडा करून त्यानं तो एप्रिलअखेरपर्यंत नुसता वाळवला. मग पाच थर, आतून आणि बाहेरून. शेवटी होडी विटांवर ठेवून तिच्यात काठोकाठ पाणी भरलं आणि कोरडी राख खाली पसरली, थेंब पडला तर दिसावा म्हणून. तीन दिवस तो दर तासाला वाकून बघत होता. राख कोरडीच.

चौथ्या दिवशी हंबीरराव येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून राखेत बोट फिरवलं. "कोरडी हाय. न्ह्यायची का नदीवर?"

कोंडीबानं तळाला तळहात टेकवून बघितला. "अजून चार दिस ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," हंबीरराव म्हणाले, आणि विटेवर बसून त्यांनी मंगलला चहा टाकायला सांगितला.