डेन्मार्कच्या पवनचक्क्या आणि आमचे भावजी

डेन्मार्क बघून आलेल्या माणसाला गप्प बसवणं माझ्या तरी आवाक्यातलं नाही. ओटावाच्या कनाटा या उपनगरातले आमचे एक स्नेही, मूळचे साताऱ्याकडचे, टेलिकॉममध्ये मोठ्या हुद्द्यावर, सुट्टीवरून परतले आणि लगेच त्यांच्या बेसमेंटमध्ये, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं, असं पॉटलक झालं. मसालेभात गार होत होता आणि पडद्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. समुद्रातल्या, शेतातल्या, आणि एकीच्या खांबाला टेकून गॉगल लावून उभे असलेले ते स्वतः.

"याला म्हणतात व्हिजन," ते म्हणाले. "तिथं गावकरीच पवनचक्कीचे शेअरहोल्डर होतात. नाहीतर आमचे काका! गावाकडे पठारावर पवनचक्क्या आल्या, तर म्हणे या पात्यांनी ढग पळवून लावले. काय बोलायचं या लोकांशी?"

सगळे खो खो हसले.

मी तेव्हा पवनचक्क्यांच्याच एका कंपनीत इंजिनियर होते. ओटावापासून दोनेक तासांवर, एका तळ्याजवळच्या गावात आमचा प्रकल्प व्हायचा होता. वारा मोजण्यात आणि शेतकऱ्यांच्या घरी बसून त्यांच्या शंका ऐकण्यात माझी काही वर्षं गेली होती. आता फक्त गावच्या कौन्सिलची संमती उरली होती. ती मिळाली नाही तर प्रकल्प बंद आणि आमच्या नोकऱ्याही, हे आम्हाला स्वच्छ सांगितलेलं होतं.

जाहीर सभेला गेले तर पहिल्याच रांगेत आमचे स्नेही! तळ्याकाठी त्यांनी नुकतंच कॉटेज घेतलं होतं. तेवढ्या भांडवलावर ते तिथले भूमिपुत्र झाले होते.

माईक हातात येताच त्यांनी अस्खलित इंग्रजीत सुरुवात केली. पात्यांच्या आवाजानं झोप उडते, विहिरीचं पाणी गढूळ होतं, डेकवरून सूर्यास्त बघताना मध्ये खांब येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरासमोर सतत काही फिरत राहणं वास्तूला चांगलं नाही, हे मात्र त्यांनी कौन्सिलला सांगितलं नाही. ते कॉफीच्या टेबलाशी मला सांगितलं, मराठीत.

"अहो, पण डेन्मार्क?" मी विचारलं.

"तिथली गोष्ट वेगळी आहे, वहिनी. तिथं आपण राहत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि ढगांचं काय, भावजी?"

मी टोमणा मारला होता. त्यांनी मात्र कपाळाला आठ्या घालून विचार केला. "पॉइंट आहे. शेजारच्या गावात चक्क्या लागल्यापासून स्नो कमीच पडतोय. याचा प्रॉपर स्टडी व्हायला पाहिजे." आणि खरंच परत माईककडे गेले. काकांची निदान पिकं तरी वाळत होती. यांना फक्त ड्राइव्ह-वेवरचा बर्फ कमी वेळा उपसावा लागला होता.

कौन्सिलनं प्रस्ताव फेटाळला. पार्किंग लॉटमध्ये मी आमचे नकाशे गाडीत टाकत होते, तेवढ्यात ते आले.

"पर्सनली घेऊ नका हं, वहिनी. तुमच्या जॉबला काही धोका नाही ना?"

"जाईल," मी म्हणाले.

त्यांना मनापासून वाईट वाटलं. चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"मग डेन्मार्कला अप्लाय करा की," ते म्हणाले. "तुमच्या फील्डला तिथं फार स्कोप आहे. फोटो बघितलेत ना तुम्ही?"