झोळीत निजवलेली पिशवी

फोन दिगंबरच्याच नंबरवरून आला होता. मी मानवतच्या बसस्थानकावर परभणीच्या गाडीची वाट बघत उभा होतो. त्याचं नाव दिसल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते आज लिहून टाकतो... आता हा पुन्हा झरीला चल म्हणणार आणि मला पुन्हा काहीतरी कारण सांगावं लागणार. म्हणून मी फोन थोडा वेळ वाजू दिला. उचलला तेव्हा पलीकडून सुनंदावहिनी बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी अंघोळीचं पाणी काढताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गाडी आली, मी चढलो. कंडक्टरनं कुठलं तिकीट देऊ म्हणून विचारलं, तर मला परभणीचं नावच आठवेना.

दिगंबर आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचा आणि मी संख्याशास्त्र. गाव त्याचं देवगाव फाट्याजवळचं. पुढं इतकी वर्षं शहरात काढली, पण बोलणं त्यानं कधी बदललं नाही. वर्गातसुद्धा तो "लय सोपं हाय, ऐका" असंच म्हणायचा आणि ते खरंच सोपं होऊन जायचं. खेड्यातल्या मुलांची बुद्धी कशी मोजायची, हा त्याचा ध्यास होता. तो शाळांमधून चाचण्या घ्यायचा आणि मी त्यांचे निष्कर्ष मांडायचो. आमची मैत्री या कामातच वाढली.

झरीच्या शाळेतली एक दुपार मला नेहमी आठवते. कापूस वेचणीचे दिवस होते. आया रानात गेलेल्या, त्यामुळे बऱ्याच मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊनच शाळेत आल्या होत्या. चाचणीचा नियम असा, की खोलीत मूल एकटंच हवं. म्हणून मंगल नावाच्या एका मुलीचा लहानगा भाऊ बाहेर दुसऱ्या मुलीकडे दिला. मंगलसमोर रंगीत ठोकळे होते, पण तिचे डोळे दाराकडे. बाहेर पोर रडत होतं आणि आत स्टॉपवॉच चालू होतं. वेळ संपली तेव्हा ठोकळे तसेच पडलेले. आमच्या कागदावर ती मंद ठरली. परतताना दिगंबर तिचा कागद पुन्हा पुन्हा काढून बघत होता. मग म्हणाला, "गड्या, ती पोरगी ठोकळे कुठं बघायली होती? ती भावाचं रडणं ऐकायली होती. आपण मोजलं तरी काय मग?"

पुढच्या खेपेला त्यानं वहिनींची एक जुनी जांभळी साडी आणि दोरी आपल्या पुस्तकांच्या पिशवीत घालून आणली. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला त्यानं वर्गातच झोळी बांधली. बांधून झाली की ती भार घेते का, हे बघायला आधी तीच पुस्तकांची पिशवी तिच्यात ठेवायचा, अगदी हळू, जसं तान्हं ठेवावं. दोन झोके द्यायचा आणि आमच्याकडं वळून ओठांवर बोट ठेवायचा. पिशवी झोपली, गप्प बसा! मुली तोंडावर हात ठेवून हसत सुटायच्या. परक्या माणसाची भीती तिथंच जायची. मग पिशवी निघायची, पोर झोळीत जायचं, आणि मुलगी एका हातात झोळीची दोरी धरून दुसऱ्या हातानं ठोकळे जुळवायची. मध्येच पोर उठलं तर दिगंबर घड्याळ थांबवायचा. अशा रीतीनं मंगलची चाचणी पुन्हा, ठोकळ्यांच्या दुसऱ्या संचावर घेतली, तिच्यासारख्या इतरही मुलींची घेतली. आधी मंद ठरलेल्या त्या मुली वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला आल्या. आमच्या निबंधाचा जीव एवढाच होता.

तो निबंध हैदराबादला मानवी बुद्धिमत्तेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी स्वीकारला गेला. इंग्रजीत लिहिला होता मी. झोळी मात्र त्यात घातली नव्हती. नियम मोडला म्हणून निबंध परत येईल, अशी धास्ती वाटत होती. दिगंबरला म्हणालो, लिहायला जागा नाही, तिथं कुणी विचारलं तर तोंडी सांगेन. त्यानं लगेच विश्वास ठेवला आणि साडी, दोरी घेऊनच हैदराबादला आला. सभागृहाच्या छताकडं बघून म्हणाला, "दाखवायची तर हाय, पण इथं बांधावी कुठं? आणि खुर्च्या अशा मऊ, की झोळीची गरज मलाच पडायली."

निबंध मीच वाचला. वाचून झाल्यावर पांढऱ्या केसांच्या एक परदेशी बाई उठल्या. आवाज मवाळ होता. सगळ्या मुलांची चाचणी सारख्याच परिस्थितीत घेतली का, एवढंच त्यांनी विचारलं. पहिल्या रांगेत दिगंबर बसला होता. प्रश्न ऐकताच त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि चेन उघडली. जांभळ्या साडीचा काठ मला व्यासपीठावरून दिसला... आणि मला लाज वाटली. जगभरातून आलेल्या माणसांपुढं जुन्या लुगड्याची गोष्ट कशी सांगायची? "हो, सगळ्यांची सारखीच," मी म्हणालो. बाईंनी मान हलवली आणि त्या खाली बसल्या. दिगंबरचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यानं पिशवीची चेन सावकाश लावली.

परतीच्या गाडीत मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो. त्यानं रागवायला हवं होतं. त्यानं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू खोटं न्हाई बोललास. झोळी बांधली तवाच पोरींची परिस्थिती सारखी झाली. त्याच्याआधी कुठं होती?" मला सुटल्यासारखं वाटलं. पण थोड्या वेळानं तो पुन्हा बोलला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "बाईला तेवढं सांगायला पायजे होतं रे... तिनं त्याच्यासाठीच विचारलं आसंल."

त्यानंतर त्यानं हा विषय कधी काढला नाही. उरलेल्या मुलींच्या चाचण्या घेऊ, झोळी पहिल्याच पानावर मांडू आणि निबंध नव्यानं लिहू, एवढंच तो म्हणत राहिला. झरीला चल, झरीला चल. मी कधी परीक्षांचं कारण काढलं, कधी पाहुण्यांचं. खरं कारण एकच होतं, ती झोळी मला माझ्या डोळ्यांसमोर नको होती. शेवटचा भेटला तो स्टाफरूमच्या दारात. हसत म्हणाला, "आता तुला न्यायला पालखी पाठवू का? तुझ्याबिगर आकडे कोण बसवंल? मी आपला झोके देणारा." मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात बघू. तो आठवडा आला, पण तो नव्हता.

तेराव्यानंतर वहिनींनी पेटीतून ती पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली, आत साडी आणि दोरी तशीच होती. त्या म्हणाल्या, "हे रोज म्हणायचे, प्रकाश येणार हाय झरीला, सवड मिळाली की." बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना हैदराबादचं काहीच ठाऊक नव्हतं. दिगंबरनं घरी सांगितलं होतं, की आपला निबंध चांगला झाला आणि प्रकाश लय छान बोलला. मला तिथं बसवेना... मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मग आता झरीला जा, भाऊजी."

त्या परदेशी बाईंनाही मी खरं काय ते कळवलं आहे. त्यांचं उत्तर येईल किंवा येणार नाही. ते ज्याच्या हाती द्यायचं, तो माणूस आता नाही.

गेल्या आठवड्यात झरीला गेलो. वर्ग तोच, अँगल तोच. साडीला अजून त्याच्या घरातल्या पेटीचा, डांबरगोळ्यांचा वास होता. गाठ मला धड जमेना, पुन्हा पुन्हा सोडून बांधली. मग त्याची पिशवी आत ठेवली आणि झोका दिला. आता मुलींकडं वळायचं, ओठांवर बोट ठेवायचं... हात उचललाच गेला नाही. मी दोरी धरून त्या पिशवीला झोके देत उभा राहिलो, किती वेळ ते कळलं नाही. कुणी हसलं नाही. शेवटी कडेवर पोर घेतलेली एक मुलगी जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, तुमची पिशवी काढा की आता. ह्याला झोप आलीय."